जुनी गाडी आणि तिची वही

कुंभवलीत किंवा बोईसरच्या वसाहतींत संध्याकाळी चक्कर मारली, तर घरांसमोर मागे डिकी असलेल्या जुन्या गाड्या अजून बऱ्याच दिसतात. एस्टीम, ॲक्सेंट, होंडा सिटी, इंडिगो, पहिली डिझायर. कोणी बारा वर्षांची, कोणी सतरा. त्यांचे मालक एमआयडीसीत पाळी करणारे, शाळेत शिकवणारे, छोटे दुकान चालवणारे. नवी गाडी घ्यायची तर कर्ज आले, आणि कर्ज म्हटले की व्याज आले. व्याजापासून लांब राहू पाहणारी आपली अनेक घरे म्हणूनच रोखीने जुनी गाडी घेतात, नाहीतर अब्बांनी घेतलेलीच सांभाळतात.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आमच्याकडे आला. गाडी पंधरा वर्षांची झाली, आता ठेवावी की काढावी? प्रश्न पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. रात्री दोन वाजता अम्मीच्या छातीत दुखू लागले आणि मुंबईच्या इस्पितळात न्यायची वेळ आली, तर शंभरेक किलोमीटर ही गाडी विनातक्रार जाईल का? घरच्या माणसांना खरी काळजी असते ती याची. म्हणून ओळखीच्या दहा-बारा मालकांशी आणि दोन-तीन मेकॅनिकांशी बोलून जे हाती आले, ते इथे मांडत आहोत.

जुन्या गाडीचा भरवसा म्हटले की मागच्या पिढीला पद्मिनी आठवते. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत फियाटच्या परवान्याने बनलेली ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, ती टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. त्या गाडीत बिघडण्यासारखे पुष्कळ होते. पण बिघाड झाला तर पान्हा आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्त्याच्या कडेला दुरुस्त करणारा माणूस कोणत्याही नाक्यावर मिळत असे.

१९९० नंतर आलेल्या गाड्यांची जात वेगळी. एस्टीम १९९४ मध्ये आली, होंडा सिटी १९९८ मध्ये, ॲक्सेंट १९९९ मध्ये, इंडिगो २००२ मध्ये आणि स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये. या काळात कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि वेळेवर ऑइल बदलले तर दोन लाख किलोमीटर सहज काढणारी इंजिने घरोघरी आली. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितले की इंजिनाने दगा दिला नाही. दगा दिला तो इंजिनाभोवतीच्या गोष्टींनी.

अणुकेंद्रातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक चाचा २००६ साली नवी घेतलेली गाडी आजही स्वतः चालवतात. त्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही असते. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे लागले, एवढे चारच रकाने. ऑइल, फिल्टर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, सगळे त्यात आहे. "मेकॅनिक विसरतो, आपणही विसरतो, वही विसरत नाही," असे ते म्हणतात. त्यांच्या गाडीचा क्लच दोनदा बदलला, शॉकअप दोनदा, रेडिएटर एकदा. रस्त्यात अडकले ते एकदाच, आणि तेही बॅटरीमुळे. ज्यांच्याकडे अशी वही नव्हती, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हेसुद्धा सांगता आले नाही.

आपला खरा शत्रू: गंज

कोरड्या हवेत, समजा सोलापूरकडे, वीस वर्षांच्या गाडीचा पत्रा शाबूत राहू शकतो. आपल्याकडे तसे नाही. एका बाजूला चिंचणी-तारापूरचा खारा वारा, दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखान्यांची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या गुणांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते, हे वाचकांना आठवत असेल. त्यात चार महिन्यांचा पाऊस. मीठ, आम्लाचा अंश आणि ओल एकत्र आली की पत्रा आतून खाल्ला जातो आणि वरून रंग मात्र चमकत राहतो.

आमच्या एका सहकाऱ्यांनी तिसऱ्या मालकाकडून एस्टीम घेतली होती. इंजिन घड्याळासारखे चालायचे. पंक्चर काढायला जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी जागेवरच राहिली, कारण जॅकची जागाच गंजून पोकळ झाली होती. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा. आधी गॅरेजमध्ये गाडी वर उचलून खालचा पत्रा पाहा. चाकांच्या वरची कमान, दाराखालची पट्टी, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, पायाखालच्या चटईच्या खालची जमीन, या जागा हाताने चाचपा. चटई उचलल्यावर कुबट वास आला तर पाणी आत मुरते आहे असे समजा.

गाडी घरची असेल तर उपाय स्वस्त आहेत. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात, ती काडीने मोकळी ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी खालून साध्या पाण्याचा फवारा मारून चिखल काढा. पावसाळ्यापूर्वी अंडरकोटिंग करून घ्या, पण आधीच गंज असेल तर तो खरवडून मगच. गंजावर लेप मारला तर आतला गंज वाढतच राहतो.

उभी गाडी जास्त बिघडते

चिंचणीच्या एका भगिनीच्या शौहरचा इंतकाल झाल्यावर त्यांची गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली उभी राहिली. विकायला मन होत नव्हते, चालवायला कोणी नव्हते. नंतर मुलाने ती बाहेर काढली तेव्हा बॅटरी गेलेली, टायर एका बाजूने चपटे, ब्रेक डिस्कला चिकटलेले आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलेले. किलोमीटर फक्त बावन्न हजार, पण दुरुस्तीला दीड महिना लागला.

त्यातला धडा असा की कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी असे नाही. रबर किलोमीटरने झिजते तसे वर्षांनीही झिजते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर महामार्गावर नेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय सोडून कूलंट घालावे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तिथे कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरांबरोबर वर्षांची मर्यादाही पाळावी, कारण चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. सीएनजी किट असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. ती टाळून गाडीत मुले बसवू नयेत.

आता पेट्रोलही बदलले आहे. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत, जुन्या सगळ्याच नाहीत. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारनेही म्हटले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी पाइप तपासून घ्यावेत.

एअरबॅगची चौकशी करा

ही बाब अनेकांना माहीत नसते. ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या एअरबॅगमधले फुगवणारे रसायन उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की खराब होते, आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. जगभर त्यामुळे मृत्यू झाले आहेत. भारतात होंडाने सिटीसह आपल्या अनेक जुन्या गाड्या टप्प्याटप्प्याने परत बोलावून हा भाग मोफत बदलून दिला. टोयोटानेही काही जुन्या कोरोला बोलावल्या. पण कंपनीचे पत्र जाते ते नोंदीतल्या मालकाला. गाडी दोन-तीन हात फिरली असेल तर ते पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलेच नसेल. आपली हवा उष्णही आहे आणि दमटही. गाडीचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा संकेतस्थळावर चौकशी करा. चौकशीला पैसे लागत नाहीत.

सुटे भाग कुठे मिळतील?

गाडी किती मजबूत आहे याइतकेच तिचे भाग बोईसरच्या दुकानात मिळतात का, हेही महत्त्वाचे. डिझायरच्या डिझेल गाडीत फियाटचे १.३ लिटरचे इंजिन होते, आणि तेच इंजिन मारुती, टाटा व फियाटच्या कितीतरी गाड्यांत बसवले गेले. त्यामुळे त्याचे भागही मिळतात आणि ते जाणणारे हातही. उलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात आणि चालवायलाही चांगल्या असतात. पण बाजूचा आरसा किंवा इलेक्ट्रॉनिक भाग मागवायला आठवडा लागला तर तुमचे काम अडेल का, याचा विचार आधी करा.

कागद आणि खर्च

दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्याच्या बातम्या वाचून इथलेही लोक घाबरले. तो नियम महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील गाडीला १०,००० रुपये. शिवाय हरित कर, पीयूसी आणि विमा. ५,००० रुपये पाच वर्षांत वाटले तर महिन्याला शंभर रुपयेही पडत नाहीत. एवढ्यासाठी धडधाकट गाडी काढून टाकण्यात शहाणपण नाही. मात्र दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी घेताना सावध राहा. इथे नव्याने नोंदणी आणि रस्ता कर भरल्यावर ती स्वस्त उरत नाही.

मग काढावी केव्हा? आमच्या मते तीन खुणा पाहाव्यात. खालचा भार पेलणारा पत्रा किंवा चॅनल गंजून सडला असेल, तर इंजिन कितीही चांगले असले तरी थांबा. ती गाडी धडक सोसू शकत नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा भाग मिळत नसल्याने मेकॅनिक जुगाड सुचवू लागला, तरीही थांबा. आणि वहीत सलग दोन वर्षांचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर त्या पैशात दुसरी चांगली गाडी शोधा. यातले काहीच नसेल, तर सतरा वर्षांची गाडी बिनदिक्कत ठेवा. फक्त लांबच्या रात्रीच्या प्रवासाआधी कूलंट, ऑइल, टायर, पट्टा आणि दिवे ही पाच मिनिटांची तपासणी चुकवू नका.

आणि विकायचीच झाली, तर ऐब झाकून विकू नका. एजंट म्हणेल की रंग मारा, मीटर मागे फिरवा, चार पैसे जास्त येतील. पण घेणाराही कोणाचा तरी अब्बा असतो, त्याच्याही मागच्या सीटवर मुले बसणार असतात. खालचा पत्रा कुठे गंजला आहे, कोणता भाग लवकरच जाणार आहे, ते सांगा आणि किल्लीबरोबर वहीही द्या. ज्यांच्याकडे वही नाही, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी दहा रुपयांची वही आणून आजचे किलोमीटर लिहून सुरुवात करावी.