नकाशात नसलेली माणसे

मागच्या पावसाळ्यात मी नववीच्या वर्गाला एक काम दिले होते. "जव्हारच्या बाजारपेठेचा नकाशा काढून आणा," असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी वह्या माझ्या टेबलावर आल्या. नकाशे सुरेख होते. चौक होता, बँक होती, मशीद होती, एस.टी. स्थानक होते. कापडाची आणि किराणा मालाची दुकाने पाट्यांवरच्या नावांसह दाखवली होती. पण रस्त्याच्या कडेला बसून शेवळी, करटोली आणि बांबूचे कोंब विकणाऱ्या बायका एकाही नकाशात नव्हत्या.

"असे कसे?" मी विचारले.

एक मुलगा उठून म्हणाला, "सर, त्यांचे दुकानच नाही. मग नकाशात काय दाखवायचे?"

त्याचे उत्तर मला अजून आठवते. कारण मोठी माणसेही शहराचा विचार पुष्कळदा असाच करतात.

जव्हार हे जुन्या संस्थानाचे गाव. येथील नगरपालिका १९१८ साली स्थापन झाली. राजवाडा, दाभोसा धबधबा आणि थंड हवा यांमुळे येथे पर्यटक येतात. बाजारातले रस्ते मात्र जुने आणि अरुंद आहेत, आणि गाड्या वाढल्या आहेत. धो धो पावसात चालायला कोरडी जागा मिळत नाही. गर्दीत रुग्णवाहिका अडकली तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून बाजारपेठ सुधारायलाच हवी. माझा प्रश्न एवढाच आहे, की सुधारणा करण्यापूर्वी विचारायचे कोणाला?

सोपा मार्ग सर्वांना ठाऊक असतो. टोपल्या उचलायला लावायच्या, रंगीत फरशी बसवायची, दिवे लावायचे. चौक छान दिसतो. पण पाड्यावरची बाई पहाटे उठून, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात येते. दुपारपर्यंत भाजी विकते आणि त्याच पैशांतून मीठ, तेल, मुलांच्या वह्या घेऊन परत जाते. तिला गावाबाहेर जागा दिली, तर गिऱ्हाईक तिथे जाणार नाही. मग तिची भाजी विकली जाणार नाही आणि दुकानदाराचे मीठ-तेलही खपणार नाही. टोपली आणि दुकान एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांमुळेच बाजार भरतो.

या माणसांसाठी कायदाही आहे. २०१४ साली देशात पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्याप्रमाणे आधी विक्रेत्यांची पाहणी करावी लागते. पाहणी पूर्ण होण्यापूर्वी कोणालाही उठवता येत नाही. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

पण पाहणी कोणत्या महिन्यात करायची? आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर आणि इतर कामांवर जातात. ती पावसाच्या तोंडावर परततात. रानभाजीही पावसाळ्यातच निघते. थंडीत यादी केली, तर या बायका यादीतून गळतील. कोणी मुद्दाम वगळले, असे होणार नाही. फक्त महिना चुकेल आणि एका घराची रोजी जाईल. म्हणून पाहणी दोनदा व्हावी, एकदा श्रावणात आणि एकदा माघात.

मग बाजारात काय करावे? एस.टी. स्थानकापासून जवळच छपराखाली ओटे बांधावेत. पाणी वाहून जायला गटार, प्यायला नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. पर्यटकांच्या गाड्या थोड्या दूर उभ्या कराव्यात. गाडीवाला चार पावले चालू शकतो. टोपलीवालीच्या डोक्यावर ओझे असते.

तुम्ही म्हणाल, आपले कोण ऐकणार? पुण्याची गोष्ट ऐका. तेथे शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरत असे. त्यासाठी मोठी मंडई बांधायचे ठरले. महात्मा जोतीराव फुले त्या वेळी पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी विरोध केला. मंडई झाली आणि १८८६ मध्ये तिचे उद्घाटनही झाले. पण पुढे पुणेकरांनी त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले. प्रश्न विचारणारा माणूस गावाचा शत्रू नसतो, हे पुणेकरांना उशिरा का होईना, पटले.

'हरकत' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. शहराचा विकास आराखडा तयार झाला, की तो लोकांपुढे ठेवून 'हरकती व सूचना' मागवाव्याच लागतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात तसे सांगितले आहे. पण पाड्यावरच्या बाईला ती नोटीस वाचता येत नसेल, तर कोणी वाचून दाखवायची? मराठी तर तुम्ही शिकताच आहात. मुदतीच्या आत तिची हरकत कागदावर उतरवून देणे तुम्हाला अवघड नाही.

त्या दिवशी मी वह्या परत दिल्या आणि सांगितले, "बाजारात पुन्हा जा. या वेळी जमिनीवर बसलेली माणसेही मोजा. आणि नकाशाच्या कोपऱ्यात महिना लिहायला विसरू नका."