नक्षी नव्हे, नंबर

इंदुरीत गढीजवळच्या एका घरातून गेल्या आठवड्यात शिवणाचं जुनं हातमशीन विकत घेतलं. घरच्या काकू म्हणाल्या, "सासूबाईंच्या आधीपासूनचं आहे, साल काही ठाऊक नाही." सोनेरी नक्षीवर आणि नावावर मी भरवसा ठेवत नाही, कुठल्याही सांगाड्याला काळा रंग देऊन त्यावर ‘सिंगर’ उमटवता येतं. खरी ओळख म्हणजे बैठकीवर, खांबाच्या पायथ्याशी असलेला नंबर. थिनर लावला तर नक्षीच निघून जाते, म्हणून मशीनच्याच तेलात भिजवलेल्या फडक्यानं चिकट काजळी हळूहळू पुसत गेलो आणि आकड्यांच्या आधी ‘वाय’ हे अक्षर दिसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सिंगर कंपनी आकड्यांआधी अक्षर घालू लागली. एकट्या ‘वाय’चा अर्थ स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, आणि काळ 1921 ते 1935. मग सरकपट्टी ओढली. आत नेहमीची गोल बॉबिन नव्हतीच. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल, आणि त्याच्या पोटात काडीसारखी लांब बॉबिन! लहान चणीचं हे 28 के मॉडेल, त्यातला ‘के’ किलबोवीचा, म्हणजे त्याच कारखान्याचा. अशी शटलं भंगारात किलोनं जातात, याचं मला फार वाईट वाटतं; शटल हरवलं की मशीन मुकं होतं. परत जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी शटल तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "लेकीचं पहिलं झबलं यावरच शिवलं होतं मी."