लाल हाडांची गोष्ट

बाटलीवर ‘फक्त नैसर्गिक रंग’ असं छापलेलं दिसलं की आई-बाबा निर्धास्त होतात. पण मुलांनो, ‘नैसर्गिक’ हा शब्द रंग कुठून आला एवढंच सांगतो. पोटात गेल्यावर तो काय करतो, हे नाही सांगत बरं का!

लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्शियर यांनी १७३६ साली एक हकीकत प्रसिद्ध केली. ते एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. ताटात डुकराचं मांस, आणि त्यातलं हाड चक्क लाल! चौकशी करता कळलं, की मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेलं कापड तिथे कोंड्याने साफ करत आणि तोच कोंडा डुकरांना घालत. मंजिष्ठेतला रंग वाढत्या हाडातल्या कॅल्शियमला घट्ट धरून बसतो. पुढे फ्रान्सच्या द्युआमेल यांनी याच युक्तीने हाडं कशी वाढतात ते तपासलं. मंजिष्ठा चारली की लाल थर, बंद केली की पांढरा!

हाड रंगलं म्हणजे अपाय झालाच, असं मात्र नाही. अपाय सापडला तो दुसरीकडेच. जपानमध्ये मंजिष्ठेचा रंग खाण्याच्या पदार्थांत घालायला परवानगी होती. प्रयोगशाळेत उंदरांना तो दीर्घकाळ खाऊ घातला, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. २००४ साली जपानने ती परवानगी काढून घेतली. (ही युरोपातली मंजिष्ठा. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळते ती तिची चुलत बहीण, जात वेगळी. तेव्हा आजीच्या डब्यावर लगेच संशय नको!)

मग आपली हळद? तिच्यातला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून त्याची मर्यादा ठरवली आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, तेही जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल असं. प्राण्यांना ज्या प्रमाणात अपाय झाला नाही, त्याच्या साधारण शंभरावा भाग. तुमचं वजन ३० किलो असेल, तर ९० मिलिग्रॅम. हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के धरलं, तर ही झाली ३ ग्रॅम हळद, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आता आईला विचारा, पाच जणांच्या आमटीत ती किती हळद घालते?