घाटापलीकडची शिराझ
कर्जत तालुक्यातील पोशीर नदीच्या खोऱ्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि दमट हवेत वेलीवर केवडा व भुरी हे बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतात, त्यामुळे तेथे करवंदे-जांभळे विपुल असली तरी वाइनची द्राक्षे होत नाहीत. ती पाहण्यासाठी कसारा घाट चढून नाशिक जिल्हा गाठावा लागतो. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील सिराह ही जात तेथे शिराझ या नावाने लावली जाते, एप्रिलमध्ये तिची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. तिच्या वाइनला येणारा मिरीचा वास भास नव्हे: ज्या रोटंडोन या द्रव्यामुळे काळी मिरी दरवळते, तेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, आणि म्हणूनच मिरी-खोबऱ्याचे वाटण लावलेल्या मटणाशी तिचे उत्तम जमते. मोठ्या वायनरीतील रविवारच्या गर्दीपेक्षा इगतपुरी तालुक्यातील व्हॅलोनेसारखी छोटी वायनरी निःसंशय श्रेष्ठ, कारण तेथे वेल, पिंप आणि पेला यांत अंतर उरत नाही. वाचकांनी तोडणीच्या दिवसांत अवश्य जावे, मात्र चाखणाऱ्याने गाडी चालवू नये. कर्जतहून कल्याणला गाडी बदलून इगतपुरीपर्यंत रेल्वेने जाता येते.