सैनिकाची साक्ष आणि आपला फॉरवर्ड

राजेहो, "आर्मीवाल्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी उडती तबकडी पाहिली, आता तरी मानता का?" हा मेसेज दर काही महिन्यांनी ग्रुपवर येऊन पडतो. शंका घेतली की पुढचं वाक्य तयारच असतं, "म्हणजे सैनिक खोटं बोलतो का?"

नाही बोलत. पण खरं बोलणं वेगळं आणि दिसलेली वस्तू बरोबर ओळखणं वेगळं.

आपल्याच सैन्याचं घ्या. २०१२-१३ मध्ये लडाखात पँगाँग सरोवराजवळ जवानांना आकाशात तेजस्वी गोळे दिसायचे. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ नोंदी झाल्या. त्यातल्या १५५ वेळा ते आपल्या हद्दीत शिरल्याची नोंद होती. संशय चिनी ड्रोनचा. मग सैन्याने काय केलं? भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. निघालं काय? एक गुरू, दुसरा शुक्र! तिथली हवा विरळ, त्यामुळे ग्रह जास्तच ठळक दिसतात.

यावरून जवानांची टिंगल करणाऱ्यांनाही सांगतो, आधी एसटीच्या खिडकीतून सोबत पळणारा चंद्र आठवा. अंधारात नुसत्या उजेडावरून अंतर कोणालाच कळत नाही, डोळा इंझोरीतल्या शेतकऱ्याचा असो की सीमेवरच्या जवानाचा. जवानांनी रोजची नोंद ठेवली, म्हणूनच छडा लागला. ग्रहाला ड्रोन समजून तिथे गोळी सुटली असती तर?

"बरं, मग इंफाळचं काय?" तेही सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसली. विमानांची ये-जा थांबली, शोधायला राफेल गेली, हाती काही लागलं नाही. याचा अर्थ ओळख पटली नाही, एवढाच. रस्त्यावर बेवारस मोटरसायकल सापडली तर ती परग्रहावरून आली म्हणतो का आपण?

आणि लांब कशाला जायचं? २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान पडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं सापडलं. ते पोलिसांच्या ताब्यात गेलं, इस्रोची माणसं येऊन तपासून गेली. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. कडं कोणी भंगारात विकलं असतं तर आजही आपण तबकडीच्याच गप्पा मारत बसलो असतो.

हा विषय नुसत्या करमणुकीचा राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या गावांवर खरेखुरे ड्रोन आले. अशा वेळी खोटा व्हिडिओ पुढे ढकलणारा माणूस घबराट वाढवतो. आणि "हे सगळं थोतांड" म्हणून हसणाराही तेवढाच घातक, कारण एखाद्या दिवशी ती वस्तू खरीच कोणाची तरी असू शकते.

म्हणून एवढं करा. आकाशात काही विचित्र दिसलं तर वेळ, दिशा आणि किती वेळ दिसलं ते लिहून ठेवा. काही खाली पडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. प्रशासनानेही तपास झाला की निष्कर्ष गावाला साध्या मराठीत सांगावा. तो लोकांचा हक्क आहे.

सैनिकाच्या शब्दाचा खरंच मान ठेवायचा ना? मग त्याने जे केलं तेच करा. आधी नोंद, मग तपास. फॉरवर्ड त्यानंतर.