मोठी बंदूक म्हणजे दया नव्हे



एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीत ‘बंदूक जितकी दणकट, तितका मृत्यू सुखाचा’ असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडोत परवाना काढून शिकार करणारा म्हणून हा खुलासा.

एल्कचा नर तीनशे किलोंच्या घरात भरतो. किरकोळ काडतूस त्याला पुरत नाही, हे मान्य. म्हणूनच कोलोरॅडोत रायफलसाठी किमान ०.२४ इंच कॅलिबर आणि किमान ८५ ग्रेन वजनाची, आत शिरल्यावर फुलणारी गोळी सक्तीची आहे. पण ती दोन्ही फुप्फुसांतून गेली, तरच जनावर लवकर कोसळते. पोटात लागली, तर मॅग्नमसारख्या जास्त ताकदीच्या रायफलनेही ते तासन्‌तास तडफडते.

शिवाय मॅग्नमचा धक्का खांद्याच्या लक्षात राहतो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, नळी हलते. माझे तसेच झाले. बर्फावर हिरवट रक्त दिसले, म्हणजे गोळी पोटात लागली होती, आणि माझ्याच पोटात गोळा आला. पुढच्या वर्षी कमी धक्क्याची .२७० विंचेस्टर रायफल घेतली, उन्हाळाभर सराव केला.

आपल्या खांद्याला झेपते तीच बंदूक बरी. नेमाची खात्री नसेल, तर चाप न ओढणे हीच खरी दया.

– एक वाचक, डेन्व्हर