टंच पाण्याचाही काढा

हुपरीत चांदीचा व्यवहार चकाकीवर होत नाही. पैंजण कितीही उजळ दिसो, आधी प्रश्न येतो, ‘टंच किती?’ टंचात थोडी घट निघाली तरी सौदा मोडतो. शेजारून वाहणाऱ्या पंचगंगेचं पाणी मात्र आपण नुसत्या नजरेनं पारखतो. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला की ओरड होते, पंचनामा होतो. खच वाहून गेला, रंग निवळला, की नदी सुधारली असं धरून चालायचं. या समजुतीशी माझं भांडण आहे. जिवंत माशाच्या पोटात काय चाललंय ते पाहिल्याखेरीज नदी कळत नाही.

‘मासे जगतायत ना, मग पाणी ठीक आहे,’ असं म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. मळी किंवा मैला पाण्यात मिसळला की प्राणवायू संपतो आणि मासे एका रात्रीत तरंगतात. संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायनं अशी मारत नाहीत. कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही डिटर्जंटांत नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट असतं. त्याचं विघटन होऊन नॉनिलफेनॉल उरतं, आणि माशाचं शरीर त्याला मादीचं संप्रेरक समजून बसतं. अंड्यातल्या बलकासाठी लागणारं व्हिटेलोजेनिन हे प्रथिन एरवी मादीच्या यकृतात तयार होतं; अशा पाण्यात ते नराच्या रक्तात सापडू लागतं. नर जिवंत असतो, पोहतो, जाळ्यातही येतो, पण त्याचं नरपण झिजत जातं. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात एअर नदीत पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउटांच्या वृषणांची वाढ खुंटलेली आढळली. त्या नदीत लोकर धुणाऱ्या गिरण्यांचं, याच डिटर्जंटांचं सांडपाणी येत होतं. लोकरीच्या जागी सूत ठेवा, म्हणजे कापडउद्योगाच्या इचलकरंजीला हा इशारा किती जवळचा आहे ते कळेल.

‘एवढ्याशा रसायनानं काय होतंय, नदी वाहती आहे,’ हा त्याहून आवडता युक्तिवाद. एक तर पंचगंगा वर्षभर वाहती नसते. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे बसतात आणि नदीचे डोह होतात; आलेलं सांडपाणी तिथंच थांबतं. दुसरं, संप्रेरकाला ‘एवढंसं’च पुरतं. कॅनडात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे वीस कोटी लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम. तेवढ्यानं तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हाच पदार्थ आणि माणसाच्या शरीरातली नैसर्गिक इस्ट्रोजेनं घरगुती मैलापाण्यातूनही नदीत जातात, तेव्हा कारखान्यांकडे बोट दाखवून शहरांना सुटता येणार नाही. कोल्हापूरचा जयंती नाला आणि इचलकरंजीचा काळा ओढा दोघेही शेवटी पंचगंगेलाच मिळतात.

‘प्रक्रिया केंद्र आहे की,’ हेही ऐकायला मिळतं. केंद्र हवंच; पण तिथलं यश मोजलं जातं बीओडी, सीओडी आणि आम्लतेवर. या आकड्यांना संप्रेरक दिसत नाही. शिवाय जिवाणूंच्या प्रक्रियेतच इथॉक्सिलेट तुटून जास्त चिवट नॉनिलफेनॉल बनतं आणि गाळाला चिकटून बसतं.

पंचगंगा बिघडली म्हणून इचलकरंजीला आधी कृष्णेचं पाणी आणलं, पुढे दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेवरून गावागावांत वाद पेटला. शुद्ध पाण्याची तहान खरी आहे. २०१२ च्या काविळीच्या साथीत या शहरानं माणसं गमावली आहेत. पण नळ दुसऱ्या नदीला जोडल्यानं पंचगंगा सुटत नाही. मरळ आणि चिलापीला दुसरी नदी नाही. त्यांना धरून पोट भरणाऱ्यांनाही नाही.

उरतो रोजगाराचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. यंत्रमागावर हजारो चुली पेटतात. पण युरोपीय संघानं २०२१ पासून धुता येणाऱ्या आयात कपड्यांत नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेटचं प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्याखाली ठेवण्याची अट घातली. निर्यातीचं कापड ती पाळून तयार होतं, कारण अल्कोहोल इथॉक्सिलेटसारखे पर्याय बाजारात आहेत. परक्या ग्राहकासाठी जमतं ते आपल्या नदीसाठी जमत नाही, हे मला मान्य नाही. पर्यायाचा जादा खर्च लहान प्रोसेसवाल्याच्या एकट्याच्या माथी न मारता सरकारनं त्यात वाटा उचलावा, एवढी मागणी रास्त आहे.

एअर नदीकाठच्या गिरण्यांनी हे रसायन वापरणं बंद केल्यावर तिथल्या माशांवरचा परिणाम ओसरला. कॅनडातल्या तळ्यातही इस्ट्रोजेन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांत मिनो परतले. म्हणून माझी मागणी साधी आहे. बरगे बसले की वर प्रयाग चिखलीजवळ आणि खाली तेरवाडला नर चिलापी धरावेत, त्यांच्या रक्तातलं व्हिटेलोजेनिन तपासावं, बंधाऱ्यामागचा गाळही तपासावा, आणि आकडे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. नमुन्याला रक्ताचे काही थेंब पुरतात.